संशोधनासाठी विषय निवडताना

(आपल्या समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नागपूर येथे, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



दरवर्षी या प्रसंगी बाहेरगावच्या एखाद्या मोठ्या पाहुण्यास पाचारण करण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा त्या जागी मला उभे करण्यात आले, यावरून पाहुण्यांची गाडी चुकली असावी असा माझा तर्क आहे. चिटणीसांनी आठ दिवसांपूर्वी घरी येऊन सांगितले, "सर, मुलांसाठी बोला; मात्र उपदेश नको." छत्तीस वर्षे इतिहासाची अध्यापकी केलेल्या माणसास उपदेश वर्ज्य करणे म्हणजे गवयास तंबोरा वर्ज्य करण्यासारखेच आहे. तरीही मी प्रयत्न करून पाहतो.

बोलण्यास निमित्तही घडले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलांकडूनही स्वतंत्र संशोधनाची अपेक्षा केली जाऊ लागली आहे. आपल्या समाजातील काही मुलेमुली मागील महिन्यात माझ्याकडे आली. "दैनंदिन जीवनातील तंत्रज्ञान" या क्षेत्रातून एक विषय निवडून त्यांना शोधनिबंध लिहावयाचा होता. प्रत्येकाने आपापल्या भ्रमणध्वनीवरून विषयांची एक यादी उतरून आणली होती. 'तंत्रज्ञानाचा मानवी जीवनावरील प्रभाव', 'समाजमाध्यमे आणि तरुण पिढी', 'कृत्रिम बुद्धिमत्ता: शाप की वरदान' अशी ती नावे. यादी वाचून मी एवढेच म्हणालो की सीताबर्डीवर उभे राहून रिक्षावाल्यास "मला जगात घेऊन चल" असे सांगितले, तर तो बिचारा हँडल कोणत्या दिशेस वळवील?

मुले हसली; परंतु त्यातील एका मुलीने जो प्रश्न केला त्याचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या वयाचे असताना कोणता विषय घेतला होता?" त्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमक्ष देतो. ते देताना मला संकोच वाटतो, तोही आपल्यापासून लपवीत नाही.

आमचे घर तांडापेठेत. माजघरात दोन खड्ड्याचे माग. आमच्या पिढीतील अनेकांच्या घरी असेच चित्र होते, तेव्हा वर्णन करण्याचे कारण नाही. पण पुढे बसलेल्या लहान मुलांनी खड्ड्याचा माग पाहिलेलाच नसेल, म्हणून सांगतो. जमिनीत खड्डा असे. विणणारा त्याच्या काठावर बसून पाय खाली सोडी आणि पायांनी पावड्या दाबी. पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर उचलले जात, निम्मे खाली राहत. मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे जाई. मग फणीने तो धागा ठोकून बसवावयाचा. दिवसातून किती हजार वेळा, हे कोणी मोजले नाही.

१९७३ साली मी एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी इंग्लंडमधील औद्योगिक क्रांती हा विषय घेतला. कोणी सक्ती केली नव्हती. विषय भारदस्त होता, पुस्तके ग्रंथालयात तयार होती आणि मागाच्या घरातला मुलगा मागाविषयी लिहितो असे कोणी म्हणू नये, हीही एक सुप्त इच्छा होती. त्या प्रबंधात जॉन के या इंग्रज कारागिरावर मी एक सबंध प्रकरण लिहिले. के याने १७३३ साली धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी विणकरास धोटा एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलावा लागे. त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्यापेक्षा अधिक रुंद होऊ शकत नसे, आणि रुंद कापडासाठी दोन माणसे बसवावी लागत. के याने धोटा एका घसरणीवर ठेवला, दोन्ही टोकांस पेट्या केल्या आणि एका दोरीच्या हिसड्याने धोटा इकडून तिकडे धावू लागला. एक हात मोकळा झाला, वेग वाढला. वेग वाढला तसे सूत पुरेना. सूत पुरेना म्हणून कातण्याची यंत्रे निघाली. आणि यंत्रांच्या त्या मालिकेतून लँकेशायरच्या गिरण्या उभ्या राहिल्या. हे सर्व मी उत्तम इंग्रजीत लिहिले. मला चांगले गुणही मिळाले.

मी ते प्रकरण ज्या खोलीत बसून लिहिले तिच्या पलीकडच्या खोलीत माझे वडील तीच दोरी ओढीत होते. धोट्याची खटखट माझ्या लिखाणास त्रास देते असे मी एकदा बोलून गेलो. त्या दिवसापासून ते दुपारचे दोन तास माग थांबवू लागले. मजुरी नगावर होती. थांबलेल्या तासांचे पैसे कोणी देत नसे. धावत्या धोट्यावर लिहिता यावे म्हणून मी धावता धोटा बंद करविला, आणि ज्या माणसाने चाळीस वर्षे तो चालविला त्यास त्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा वडील जाऊन अकरा वर्षे झाली होती.

आता त्या प्रबंधात काय राहून गेले ते सांगतो, कारण विषय कसा सापडतो याचा नमुना त्यात आहे.

धावता धोटा आपल्या देशात विसाव्या शतकाच्या आरंभी विशेष प्रमाणात पसरू लागला. ई. बी. हॅवेल यांनी त्याचा पुरस्कार केला, अल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास इलाख्यात सेलम येथे विणकामशाळा काढून प्रयोग केले आणि स्वदेशीच्या चळवळीने त्यास बळ दिले. आमच्या घरी तो आजोबांच्या हयातीत आला. याविषयी घरात दोन मते होती. वडील म्हणत, "धोट्याने खांदा वाचविला." आई म्हणे, "मागाचे पोट वाढले." ही दोन वाक्ये मी लहानपणापासून ऐकत होतो आणि ती परस्परविरोधी आहेत हे मला कधी जाणवले नाही.

आईच्या वाक्याचा अर्थ असा. धोट्याच्या पोटात सुताची कांडी बसते. धोटा जलद धावू लागला की कांडी लवकर संपते. संपलेल्या कांडीच्या जागी भरलेली कांडी तयार हवी. ती भरावयाची रहाटावर, आणि रहाटावर बसावयाचे घरातल्या बाईने, म्हातारीने किंवा शाळेतून आलेल्या मुलीने. ताणा लावणे, त्यास खळ देणे, पांजणी करणे हीही कामे घरच्या सर्वांनी मिळून करावयाची. पण कांड्यांचे काम असे की त्यास आरंभ आणि शेवट नाही. चुलीवर भात शिजतो तेवढ्या वेळात दोन कांड्या, मूल झोपले की चार कांड्या. मागावरच्या माणसाचे श्रम हलके झाले, तेव्हा रहाटावरच्या बाईचे श्रम वाढले. मजुरी मात्र साडीवर मिळे आणि ती घरच्या कर्त्या पुरुषाच्या हाती पडे. कांडीची मजुरी वेगळी मांडण्याची रीत आमच्या घरी नव्हती.

इंग्लंडमध्ये सुताचा तुटवडा पडला त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. आमच्या घरात तुटवडा पडला नाही, कारण तो पडू नये याची काळजी आईचे मनगट घेत होते. 'यंत्राने श्रम वाचविले' असे आपण सहज म्हणून जातो. कोणाचे वाचविले, कोणाच्या अंगावर टाकले, आणि मजुरी कोणाच्या हातात राहिली, हे विचारले की निबंधाचा विषय झाला. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीने १९८३ साली तिकडच्या चुली, धुलाईयंत्रे व स्वयंपाकघरातील उपकरणे यांचा इतिहास लिहिला आणि दाखवून दिले की घरात यंत्रे आली तरी गृहिणीच्या कामाचे तास अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. पुरुषांची व मुलांची कामे मात्र सुटली. ते पुस्तक मी साठीनंतर वाचले. वाचताना सारखे वाटत होते की हे वाक्य मी कोठे तरी ऐकले आहे. आमच्या माजघरात ऐकले होते.

विद्यार्थ्यांनी एक ध्यानात घ्यावे. या क्षेत्रात पूर्वी काहीच झाले नाही असे समजून बसू नये आणि सारे झाले आहे असे समजून हातपायही गाळू नयेत. डेव्हिड आर्नोल्ड यांनी २०१३ साली भारतातील रोजच्या यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला. शिवणयंत्र, सायकल, टंकलेखनयंत्र आणि भाताची गिरणी हे त्याचे विषय. रेल्वे व धरणे सोडून त्यांनी शिंप्याच्या दुकानाकडे पाहिले. डग्लस हेन्स यांचा २०१२ चा ग्रंथ पश्चिम भारतातील लहान गावांचे विणकर आणि यंत्रमागवाले यांविषयी आहे. तो ग्रंथ अवश्य वाचावा. पण त्याचा भर मुंबई इलाख्यावर आहे, आणि नागपूर त्या इलाख्यात नव्हते. १८६१ पासून आपण मध्य प्रांतात होतो. १९५६ साली आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. दोन राज्यांच्या सीमेवरच्या शेताची मोजणी दोन्हीकडचे तलाठी टाळतात, तशी आपल्या विणकामाच्या इतिहासाची गत झाली आहे. तरुण संशोधकास याहून सोयीची जागा कोणती असणार?

साधनांविषयी बोलतो. मुले म्हणतात, "सर, माहिती मिळत नाही." याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की भ्रमणध्वनीवर मिळत नाही. १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटियर आहे; नागपूर व उमरेड येथील रेशीमकाठी कापडाचे नाव त्या काळी दूरवर होते. रसेल व हिरालाल यांचे १९१६ साली चार खंडांत निघालेले मध्य प्रांतातील जातिजमातींवरील पुस्तक आहे. त्यात कोष्टी समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना मात्र सावध राहावे. सरकारी अधिकाऱ्याने आपल्याविषयी लिहिले म्हणून ते वेदवाक्य नव्हे, आणि आपल्याला रुचले नाही म्हणून खोटेही नव्हे. हातमाग व गिरण्या यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचा १९४२ चा अहवाल आहे. हाताने फेकावयाचा धोटा आणि धावता धोटा यांचा हिशेब त्यात सापडेल. आपल्या गावी शासनाचे पुराभिलेखागार आहे, १९३४ पासून चालत आलेले विदर्भ संशोधन मंडळ आहे, विणकर सेवा केंद्र आहे. वर्ध्यास मगन संग्रहालय आहे. गांधीजींच्या हस्ते १९३८ साली ते उघडले गेले. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १९२९ साली एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. खेड्यातल्या बाईला घरात बसून चालविता यावे, दुरुस्त करता यावे असे यंत्र हवे होते. त्या काळचे एक लाख! तरी अटी पुऱ्या करणारे यंत्र हाती आले नाही. न लागलेल्या शोधावरही निबंध होऊ शकतो, हे आपल्या प्राध्यापकांना सांगून पाहा.

एम्प्रेस मिलचा विषय अनेकांना सुचतो. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. व्हिक्टोरिया राणीस त्याच दिवशी सम्राज्ञी म्हणून घोषित केले, म्हणून हे नाव. रेल्वे खात्यातून आलेले बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक होते. कातण्याच्या नव्या रिंग चात्यांचे प्रयोग तेथे फार लवकर झाले. आता त्या जागेवर बाजारसंकुल उभे आहे. हा विषय मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु गिरणीचे तयार सूत आपल्या मागावर आले तेव्हा घरच्या कातणाऱ्या स्त्रियांचे काय झाले, गिरणीत जाणारा भाऊ आणि मागावर राहिलेला भाऊ यांच्या घरात काय अंतर पडले, हे कोणी विचारले असल्यास माझ्या पाहण्यात नाही.

हे सारे सूतकाम ऐकून विज्ञान शाखेची मुले कंटाळली असतील. त्यांच्यासाठी नागपूरचा दुसरा विषय सांगतो. चैत्र संपत आला की आपल्या प्रत्येक खिडकीला एक लोखंडी पेटी चिकटते. माझ्या लहानपणी श्रीमंतांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या असत आणि त्यांवर पाणी मारावयास एक पोरगा ठेवलेला असे. त्या पोराची जागा पंपाने घेतली आणि ताटीची जागा लाकडाच्या भुशासारख्या तंतूंनी. त्यास आपण कूलर म्हणतो. मूळ तत्त्व माठाचेच. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास जी उष्णता लागते ती विजेच्या हिशेबात सुमारे दोन तृतीयांश युनिट भरते, आणि ती कूलर खोलीत येणाऱ्या हवेतून काढून घेतो.

आता गंमत पाहा. मे महिन्यात तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा सुमारे २३ अंशांवर थांबतो. म्हणजे हवा थंड होण्यास एकवीस अंशांची वाव आहे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर तापमान ३४ आणि आर्द्रता ७० टक्के झाली की तोच पारा २९ वर थांबतो. वाव उरते पाच अंशांची. पेटी तीच, पंप तोच, वीजबिल तेच. परंतु जूनमध्ये ती नुसता ओला वारा मारते आणि अंथरूण चिकट होते. मुंबईच्या माणसास आपला कूलर का समजत नाही याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

यातून विषय कसा काढावा? 'हवामानबदल आणि शीतकरण तंत्रज्ञान' असे नाव दिलेत तर पुन्हा रिक्षावाला जगाचा पत्ता विचारील. आपल्या गल्लीतील तीस-चाळीस घरे घ्या. दोन तापमापक, एक वजनकाटा आणि वही, एवढे साहित्य पुरे. रोज किती बादल्या पाणी कूलरला लागते? ते भरतो कोण, आणि नळ किती वाजता येतो? ज्या घरात पिण्याच्या पाण्याची ओढाताण आहे तेथे कूलर तहानेला ठेवतात की माणूस? टाकीतले पाणी किती दिवसांनी बदलतात? डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून प्रश्न क्षुल्लक नाही. विजेचा धक्का बसू नये म्हणून जमिनीची तार किती घरांत जोडलेली आहे? दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून कोणी तरी जाते. ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. पाणी भरताना बटण बंद करण्याची सवय कोणास आहे, कोणास नाही, ते नुसते विचारू नये, पाहावे. विचारल्यावर सर्वांनाच सवय असते. या निबंधाच्या शेवटी आपल्या गल्लीतले एखादे मूल वाचण्याचा संभव आहे. 'शाप की वरदान' या निबंधाने आजवर कोणी वाचल्याचे मला ठाऊक नाही.

आणखी विषय हवे असतील तर पिठाची गिरणी आहे. जाते गेले, बाईची पहाट मोकळी झाली. त्या पहाटेत नंतर काय भरले गेले ते आजीलाच विचारावे. इतवारीतील किराणा दुकानदाराच्या गल्ल्यावर आता पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारी डबी असते. उधारीची वही तिच्यामुळे गेली की तिच्याशेजारीच राहिली? मी पाहिले त्या दुकानात दोन्ही आहेत. जुने यंत्र नवे आल्याबरोबर नाहीसे होते हा समज पुस्तकी आहे. भंडारा जिल्ह्यात टसराचे करवती काठाचे लुगडे आजही तीन धोट्यांनी विणतात. मधल्या अंगाचा एक आणि दोन काठांचे दोन. काठ आणि अंग यांचे धागे एकमेकांत अडकवून ती करवतीसारखी नक्षी साधली जाते. वेगापुढे सर्वांनी मान तुकविली तरी हे काम सावकाशीनेच होते. का टिकले, किती घरी टिकले, पुढची पिढी बसते की नाही? यासाठी भंडाऱ्यास जावे लागेल. आणि येथे मला पालकांशी बोलावयाचे आहे. एका मुलीने हा विषय घेतला होता. "एकटी कशी जाईल" म्हणून घरच्यांनी जाऊ दिले नाही आणि तिने अखेर समाजमाध्यमांवर निबंध लिहिला. बसने दोन-अडीच तासांचा रस्ता. सोबत हवी असेल तर मी येतो. माझे आता दुसरे काम काय आहे?

आणखी एक सावधगिरी. जातीच्या मंडळाच्या व्यासपीठावरून बोलतो आहे म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्या घरच्या विषयावर लिहिणे म्हणजे आपल्या समाजाचा गौरवग्रंथ लिहिणे नव्हे. आपल्या मागाची थोरवी गाताना रहाटावरच्या बाईची मजुरी मांडली गेली नाही हेही लिहावे लागेल. काही वडीलधाऱ्यांना ते आवडणार नाही. त्यांनी रागवावे, पण मुलांनी पान फाडू नये. तसेच ज्यांना विचाराल त्यांची परवानगी घ्या, नाव छापू नका म्हणाले तर छापू नका, आणि निबंध पुरा झाला की एक प्रत त्यांच्या घरी नेऊन वाचून दाखवा. आजीला गुणपत्रिका कळत नाही, पण आपण काय सांगितले होते ते तिला बरोबर आठवते. चूक ती धरील.

हल्ली निबंध लिहून देणारे यंत्रही प्रत्येकाच्या खिशात आले आहे. मी त्याचा शत्रू नाही. परवा नातवाने त्यास धावत्या धोट्याविषयी विचारले, तेव्हा त्याने जॉन के, १७३३, सारे बिनचूक सांगितले. माझ्या प्रबंधापेक्षा नेटके. मला बरे वाटले आणि वाईटही वाटले. जे मी दोन वर्षे खपून लिहिले ते आता अर्ध्या मिनिटात मिळते. जे मी विचारले नाही ते मात्र कोठेही मिळत नाही.

ज्या मुलीने मला तो प्रश्न केला, तिच्या विषयाची हकीकत सांगून थांबतो. तिने अखेर कांडी हाच विषय घेतला. तिच्या पणजीने सतरा वर्षांची असल्यापासून कांड्या भरल्या. आज त्या नव्वदीच्या पुढे आहेत आणि त्यांचा हात अजून चालतो. मुलीने एक जुना रहाट दुरुस्त करविला, पणजीस बसविले आणि घड्याळ लावून एक कांडी किती वेळात भरते ते टिपले. माग चालू स्थितीत मिळाला की ती कांडी किती वेळात संपते तेही टिपावयाचे आहे. या दोन वेळांच्या भागाकारातून एका मागामागे किती तास रहाटावर जात होते ते निघेल. एवढे साधे गणित. माझ्या घरात ते वीस वर्षे माझ्यासमोर फिरत होते. चालू स्थितीतला माग मात्र तिला अद्याप मिळालेला नाही. गोळीबार चौकापासून तांडापेठेपर्यंत ती विचारून आली. कोणाच्या घरी माग उभा असेल, अथवा कोणा नातेवाइकाकडे उमरेडला, भिवापूरला असेल, तर चिटणीसांकडे नाव द्यावे. पणजींचे वय पाहता हे काम पावसाळ्यापूर्वी व्हावे, असे तिला आणि मलाही वाटते.

आणखी एक विनंती, ही माझी स्वतःची. येथे टेबलावर मी एक धोटा आणून ठेवला आहे. आमचे माग १९९० च्या सुमारास मोडून जळणात गेले; एवढा एक उरला. सोबत मागाचा एक लहानसा लाकडी तुकडाही आहे, हातभर लांब, एका टोकास खाच असलेला. हा कोठे बसवीत ते मला आठवते. ताणा ढिला पडला की वडील हाच फिरवीत. त्यास आमच्या घरी एक शब्द होता. आई तो दिवसातून दहा वेळा उच्चारी. मी कोश पाहिले, दोन-तीन ठिकाणी विचारले, पण तो शब्द मला आठवत नाही आणि ऐकला तर ओळखीन अशी खात्री आहे. समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या आजीबाईंनी, आणि मागावर बसलेल्या सर्वच ज्येष्ठांनी, जेवणास जाण्यापूर्वी कृपया या टेबलापाशी यावे, तुकडा हातात घेऊन पाहावा, आणि आपल्या घरी त्यास काय म्हणत ते त्या मुलीच्या वहीत लिहवून द्यावे. ती दाराजवळ वही घेऊन उभी आहे.